पुकारा होण्याआधी: नव्या वकिलाने ठरवून ठेवायच्या गोष्टी

वकिलीची सनद मिळून मला दोनच महिने झाले होते. आमचा दावा साक्षीला लावलेला, साक्षीदार बाकावर येऊन बसलेला आणि सिनियर शेजारच्या तालुक्याच्या कोर्टात अडकलेले. फोनवर म्हणाले, "तारीख पुढे ढकलायला मुदत अर्ज दे. मला ताप आलाय म्हणून लिही." मी लिहिलं. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सकाळी साडेनऊला मी त्यांना एसटी स्टँडवर पाहिलं. ताप फारच घाईने चढला." पाचशे रुपये खर्चावर मुदत मिळाली. बार रूममध्ये आठवडाभर सगळे हसले ते सिनियरांना. अर्जावर सही मात्र माझी होती.

रोजच्या वकिलीतले नीतीचे पेच असेच येतात. पुकारा होत असतो, फोन कानाला असतो, अशील बाही ओढत असतो आणि हातात अर्धा मिनिट असतो. त्या अर्ध्या मिनिटात विचार होत नाही, सवय चालते. म्हणून ही सवय आधी लावून घ्यावी लागते, आणि माझ्या अनुभवात तिचा मोठा भाग कागदाचा असतो: कोणाला काय सांगितलं, कोणाकडून काय घेतलं, कधी. हा लेख तालुका आणि जिल्हा कोर्टात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या फर्ममधल्यांना यातलं निम्मं अनोळखी वाटेल.

सुरुवातीला एक संध्याकाळ काढा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे नियम केले, त्यांच्या सहाव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात वकिलाची कर्तव्यं दिली आहेत. कोर्टाशी, अशिलाशी, समोरच्या पक्षाशी आणि सहकाऱ्यांशी कसं वागायचं, हे सगळं काही पानांत मावतं. सनदेच्या परीक्षेसाठी तुम्ही ते पाठ केलं असेल. आता एखादं प्रत्यक्ष प्रकरण डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा वाचा. वेगळं वाचल्यासारखं वाटेल.

पायरी पहिली: वकीलपत्र घेण्याआधी नावं तपासा

नवा अशील आला की पहिला प्रश्न "काय झालं?" असा विचारू नका. आधी विचारा, "समोर कोण आहे?" कारण त्याने गोष्ट सांगून टाकली आणि मग कळलं की समोरच्याचं खरेदीखत गेल्या वर्षी तुमच्याच टेबलावर तयार झालं होतं, तर तुम्ही दोघांच्याही कामाचे उरत नाही. एका पक्षाला त्या प्रकरणात सल्ला दिला असेल किंवा त्याचा मसुदा लिहिला असेल, तर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभं राहता येत नाही. हा नियम ३३. अशील म्हणेल, "माझी हरकत नाही." पहिल्याची आहे का, हे त्याला कुठे माहीत असतं?

एक साधी वही करा. डावीकडे अशिलाचं नाव, उजवीकडे विरुद्ध पक्षाची नावं, खाली महत्त्वाचे साक्षीदार. साक्षीदारही का? २००९ साली मुंबईत कसाबच्या खटल्यात आरोपीसाठी कोर्टाने पहिल्यांदा नेमलेल्या वकिलांना न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी थोड्याच दिवसांत बाजूला केलं. हल्ल्यातल्या एका साक्षीदाराच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात त्याच वकील होत्या. सगळ्या देशाचं लक्ष असलेल्या खटल्यात हे घडतं, तर तुमच्या वडिलोपार्जित शेताच्या वाटपाच्या दाव्यात का घडणार नाही?

गावाकडे हा पेच जास्त चिवट असतो, कारण सगळेच कोणाचे ना कोणाचे पाहुणे असतात. नातं असलं म्हणून वकीलपत्र नाकारावंच लागतं असं नाही, पण नियम १४ प्रमाणे ते अशिलाला आधी आणि स्पष्ट सांगावं लागतं. "विरुद्ध पक्ष माझ्या चुलत मेव्हण्याचा भागीदार आहे. हे ऐकून दुसरा वकील बघायचा असेल तर बघा." मी हे बोलते आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवते. माझा अनुभव असा की निम्मे लोक थांबतात. उरलेले निम्मे गेले तरी वर्षभरात त्यांनीच पाठवलेलं कोणीतरी येतं.

वाटपाच्या दाव्यात चौघं भावंडं एकत्र येतात. "आमचं भांडण काकाशी, आमच्यात काही नाही." काकाशी तडजोड झाली की त्या दिवसापासून त्यांच्यात सुरू होतं. मी चौघांना समोर बसवून सांगते: तुमच्यात फाटलं तर मी चौघांपैकी कोणाचीच राहणार नाही. संमतीने घटस्फोट घ्यायला नवरा-बायको एकाच वकिलाकडे येतात तेव्हाही हेच. दोघांच्या अटी शांतपणे कागदावर उतरवायला हरकत नसते. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये साधारण सहा महिने जातात, आणि त्या सहा महिन्यांत माणसं बदलतात. एकाने माघार घेतली की दुसरा म्हणतो, "आता तुम्ही माझ्याकडून लढा." तिथे थांबायचं. दोघांची गुपितं ऐकून झालेली असतात.

आणखी एक. ज्या व्यवहारात तुम्ही स्वतः हजर होता, ज्याचे पैसे तुमच्यासमोर मोजले गेले, त्याच व्यवहाराच्या दाव्यात वकीलपत्र घेऊ नका. तुम्हाला साक्षीदार व्हावं लागेल असं वाटायला कारण असेल, तर ते प्रकरण तुमचं नाही.

याच्या उलट बाजूचा पेचही आहे. एखाद्या आरोपीविरुद्ध गाव पेटलेलं असतं आणि स्थानिक वकील संघ "याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही" असा ठराव करतो. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. नियम १५ सांगतो की आरोपीच्या अपराधाबद्दल तुमचं मत काहीही असो, बचाव करायचा. तरीही नव्या वकिलाला हे जड जातं, घरच्यांना त्याहून जड. मी अशा वेळी सल्ला देत नाही. एवढंच सांगते की नाकारायचं असेल तर पहिल्या दिवशी नाकारा. दोषारोप ठेवल्यानंतर, लोकांचा दबाव आला म्हणून अंग काढून घेणं सगळ्यात वाईट.

पायरी दुसरी: सही कोणाची, कोणासमोर

कोऱ्या कागदावर अशिलाची सही घेऊ नका. अशील स्वतःहून म्हणतो, "मॅडम, मी पुण्याला असतो, दहा कागदांवर सह्या करून ठेवतो, लागेल तसं लिहा." सोय वाटते. डी. पी. चढ्ढा प्रकरणात, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला, अशिलाने विश्वासाने दिलेलं कोरं वकीलपत्र आणि कोरा कागद खोट्या तडजोडीसाठी वापरले गेले होते. तुमचा हेतू शुद्ध असेल हो. पण तुमच्या कपाटाच्या चाव्या कारकुनाकडेही असतात.

वकीलपत्रावर सही करणारा माणूस समोर पाहिजे. सातबारावरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या एकट्या थोरल्या भावाने आणून दिल्या असतील, तर एकेकाला फोन करा. वकिलाने फक्त आपल्या अशिलाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्याच सूचनेवर वागायचं असतं, आणि थोरला भाऊ हा आपोआप अधिकार दिलेला माणूस होत नाही, घरात त्याचंच चालत असलं तरी.

प्रतिज्ञापत्राखाली "यांना मी ओळखतो" अशी सही वकील करतात. कोर्टाच्या आवारात रोज शेकडो अशा सह्या होतात आणि त्यातल्या किती जणांना सही करणारा खरंच ओळखत असतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी नवीन असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एक बाई पुढे करून "ओळखपत्र बघ आणि कर सही" म्हटलं. ओळखपत्र तिच्या जावेचं होतं. फोटो जुना, पदर डोक्यावर, कळलंच नाही. जमिनीच्या हक्कसोडपत्राचा मामला पुढे फौजदारीत गेला आणि मला साक्षीला जावं लागलं. तेव्हापासून नियम केला: ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी सही नाही. कोणी रागावलं तर रागावू दे.

जामीनदार राहायची विनंतीही येईल, विशेषतः ओळखीच्या माणसाचा मुलगा आत असेल तेव्हा. अशिलासाठी वकिलाने जामीन राहायचं नसतं, आणि दुसऱ्या जामीनदाराच्या ऐपतीचा दाखलाही द्यायचा नसतो. "नियम परवानगी देत नाही" हे वाक्य इथे फार उपयोगी पडतं. नियमाच्या आड उभं राहता येतं, नातं तुटत नाही.

पायरी तिसरी: पैसे

इथे जास्त थांबते, कारण अशील आणि वकील यांच्यात बिघडलं की मुळाशी बहुतेक पैसाच सापडतो.

फी पहिल्याच भेटीत बोला आणि लिहा. "बघू, नंतर ठरवू" हे नम्रपणाचं वाटतं, प्रत्यक्षात भांडणाचं बी असतं. मी एका कागदावर लिहिते: एकूण फी, कोणत्या टप्प्याला किती, अपील यात आहे की नाही. कोर्ट फी स्टँप, नक्कल, टायपिंग, बेलिफ भत्ता, प्रवास हा खर्च वेगळा. अशिलाकडून पैसे घेताना ते फीपोटी की खर्चापोटी हे नोंदवायचं, आणि खर्चासाठी घेतलेले पैसे त्याच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचे नाहीत. पावती द्या. पाचशेचीही द्या. अशिलाने हिशेब मागितला तर द्यावा लागतो. तो रोजच्या रोज लिहिला असेल तर पाच मिनिटांत देता येतो, वर्षाच्या शेवटी आठवून लिहायचा म्हटलं तर कधीच जमत नाही.

आता टक्केवारी. मोटार अपघाताच्या दाव्यांत आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात ही पद्धत इतकी रुळली आहे की अशीलच विचारतो, "तुमचे टक्के किती?" निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं नियम २० प्रमाणे मना आहे. हे आजचं नाही. १९५४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने वसुलीतला निम्मा हिस्सा घेण्याचा करार हे एका वरिष्ठ वकिलाचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं होतं.

पण इथे प्रामाणिकपणे बोलायचं तर पेच खरा आहे. नवरा ट्रकखाली गेलेला, हाताशी दोन लेकरं, तिच्याकडे आगाऊ फी कुठून येणार? टक्केवारीवाला वकील म्हणतो, "मी घेतो म्हणून तिला न्याय तरी मिळतो." मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, पण तो पोकळही वाटत नाही. मी स्वतः काय करते: ठरलेली रक्कम आधीच लिहिते, हप्ते पाडते, आणि पहिला हप्ता तिला जमेल तेव्हा घेते. रक्कम निकाल कसाही लागला तरी तीच राहते. हरल्यावर ती वसूल होत नाही, कधी कधी. ती माझ्या धंद्याची जोखीम. आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, हे तिला पहिल्याच भेटीत सांगते. ती तिकडे गेली तर जाऊ दे. तुम्ही स्वतः विधी सेवेच्या यादीवर असाल तर त्या प्रकरणात अशिलाकडून चहाचेही पैसे घेऊ नका.

"चहापाणी" हा शब्द आलाच आहे तर तोही विषय. नक्कल लवकर हवी, बेलिफने समन्स आजच बजवायला हवं, फाईल वर यायला हवी. अशील खिशातून पन्नासची नोट काढतो आणि तुमच्याकडे बघतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. माझी पद्धत: नकलेचा अर्ज दिला की पोच घ्यायची, तारीख लिहायची, उशीर झाला तर अधीक्षकांकडे लेखी. हे वेळखाऊ आहे. पहिली दोन वर्षं माझ्या नकला सगळ्यांत शेवटी मिळाल्या. मग कार्यालयाला कळलं की या मॅडमकडून काही निघत नाही, आणि रांगेत माझा नंबर आपोआप यायला लागला. नकार एकदाच द्यावा लागत नाही, दोन वर्षं द्यावा लागतो, एवढं आधी सांगून ठेवते.

याच्या पुढची पायरी म्हणजे अशील दार लावून हळूच विचारतो, "साहेबांशी काही बोलता येईल का?" हसून विषय बदलू नका. हसणं म्हणजे तो होकार समजतो. "हा प्रश्न पुन्हा विचारलात तर वकीलपत्र परत देईन" असं त्याच वेळी सांगा. शंभू राम यादव प्रकरणात राजस्थानातल्या एका वकिलाने अशिलाला पत्र लिहून न्यायाधीशांना देण्यासाठी दहा हजार रुपये मागितले होते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं नाव वकिलांच्या पटावरून कायमचं काढण्याची शिक्षा पुन्हा कायम केली.

फी बाकी आहे आणि अशील दुसऱ्या वकिलाकडे चालला, तेव्हा हात आपोआप फाईलवर जातो. "आधी पैसे, मग कागद." हे चालत नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने सत्त्याण्णव हजारांहून जास्त फी बाकी आहे म्हणून फाईल्स अडवल्या होत्या, आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाला अशिलाच्या कागदांवर असा ताबा ठेवता येत नाही. फी वसूल करायची तर नोटीस द्या, दावा करा. नव्या वकीलपत्रावर ना हरकत मागायला सहकारी आला की चहा घ्या आणि सही करा. आणि तुम्ही नवे वकील असाल, जुने ना हरकत देत नसतील, तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी घ्या. गुपचूप हजर राहू नका.

पायरी चौथी: अशील खरं सांगतो तेव्हा

फौजदारी काम सुरू केलं की एक दिवस आरोपी सांगतो, "हो, मीच केलं." नवे वकील घाबरतात. घाबरायचं कारण नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३२, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं १२६, उदाहरणांसकट वाचा. अशील म्हणाला, "मी खोटं दस्तऐवज केलं आहे, माझा बचाव करा," तर ते संभाषण गुप्त राहतं, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नाही. तोच अशील म्हणाला, "या खोट्या खरेदीखतावर मला जमिनीचा ताबा मिळवून द्या," तर ते संरक्षण मिळत नाही. मागे झालेलं तुमच्यापाशी राहतं. पुढे करायचं असेल तर तुम्ही त्यात नाही. आणि गुप्ततेचं बंधन वकीलपत्र संपल्यावरही राहतं, तुमच्या कारकुनालाही लागू असतं. कारकुनाला हे पहिल्या दिवशी समजावून सांगा. टपरीवर बसून फाईलची गोष्ट सांगणारा कारकून मी पाहिला आहे.

"मीच केलं" म्हणणाऱ्याचा बचाव कसा करायचा? सरकारी पक्षाचा पुरावा पुरेसा आहे का, हे तपासायचं. पंचनाम्यात वेळ चुकली असेल, ओळख परेडमध्ये घोळ असेल, तर तो दाखवायचा. पण तो घरी होता हे खोटं सांगायला त्याच्या मेव्हण्याला साक्षीला उभं करायचं नाही. अशील म्हणतो, "तुम्ही फक्त विचारा, उत्तर तो देईल." उत्तर खोटं येणार हे माहीत असताना प्रश्न विचारणारेही तुम्हीच. असं हट्टाने करायला सांगणाऱ्या अशिलाचं काम सोडणं नियमात बसतं, पुरेशी सूचना देऊन आणि न केलेल्या कामाची फी परत करून.

तपास अधिकारी कधी वकिलालाच नोटीस पाठवतात: "अशिलाने तुम्हाला काय सांगितलं ते सांगायला या." एकटे जाऊ नका. वकील संघाला सांगा, ज्येष्ठांना विचारा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बोलावण्यांवर बंधनं घातली आहेत.

पायरी पाचवी: कोर्टासमोर काय बोलता

पुन्हा त्या तापाकडे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे वकील दुसऱ्या कोर्टात अडकला आहे हे मुदतीचं कारण धरलंच जात नाही. आजारपणाचं मात्र कोर्ट विचारात घेऊ शकतं. म्हणजे खरं कारण चालत नाही आणि खोटं चालण्याची शक्यता असते. आदल्या संध्याकाळीच समोरच्या वकिलाला फोन करा: "उद्या सिनियर बाहेर आहेत, साक्षीदाराला उगाच बोलावू नका, खर्च आम्ही देतो." अर्जात खरं लिहा. खर्च पडला तर सिनियरकडून घ्या, अशिलाच्या खात्यावर टाकू नका. आणि एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त मुदती देता येत नाहीत हे लक्षात ठेवून ती मुदत जपून वापरा. सिनियर खोटंच लिहायला सांगत असतील तर मी ज्युनिअरना हे वाक्य शिकवते: "सर, अर्ज तुमच्या सहीने द्या, मी हजर करते." बहुतेक सिनियर इथे थांबतात. न थांबणारे सिनियर सोडून द्यायची वेळ आली असं समजा.

कायद्याने ठरवलेली मुदत चुकली तर? चेक न वटल्याच्या प्रकरणात बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते. अशिलाने पाचव्या दिवशी कागद दिले, तुमच्या टेबलावर ते दुसऱ्या फाईलखाली गेले आणि आज तेहतिसावा दिवस. नोटिशीवर मागची तारीख टाकायचा मोह होतो. पोस्टाची पावती ते उघडं पाडते. त्याच दिवशी अशिलाला फोन करा आणि सांगा की चूक माझी आहे. मग मार्ग बघा: चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो आणि परत आला की नव्याने नोटीस देता येते. ती मुदतही संपली असेल तर वसुलीचा दिवाणी दावा उरतो. फिर्याद दाखल करायला उशीर झाला असेल तर माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही. हा फोन करताना हात थरथरतो, माझाही थरथरला आहे. अशील ओरडला आणि थांबला. पुढच्या वर्षी त्यानेच भावाचं काम आणलं.

आता एक नवीनच संकट. मोबाईलवरच्या एआयला विचारलं की तो निवाडे देतो, पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक सगळं. त्यातले काही अस्तित्वातच नसतात. पूर्ण निकाल स्वतः उघडून, हवा तो परिच्छेद वाचून मगच दाखला द्या. सिनियरने दिलेला दाखलाही असाच तपासा. आणि समोरच्याच्या बाजूचा, बंधनकारक असलेला निवाडा शोधात सापडला तर तो लपवू नका. वेगळा कसा आहे ते सांगा. न्यायाधीश तो वाचून बसलेले असतात, ही वेगळी गोष्ट.

पायरी सहावी: तडजोड

लोक अदालतीच्या आधी घाई असते. पुरसीस, म्हणजे तडजोडीच्या अटींचं कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, तयार असते, न्यायाधीशही म्हणतात, "होऊन जाऊ द्या." अशील बाहेर तंबाखू मळत असतो आणि तुम्ही "मला विश्वास आहे त्याचा" म्हणून सही करता. करू नका. अशिलाच्या हक्कावर पाणी सोडणारी कबुली त्याच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने द्यायची नसते, असं हिमालयन को-ऑपरेटिव्ह गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आहे. पुरसीस त्याच्या भाषेत, त्याला मोठ्याने वाचून दाखवा. रक्कम किती, कधी, घरातला हिस्सा जातो की राहतो, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. मग त्याची सही, नंतर तुमची.

समोरचा पक्षकार थेट तुमच्याकडे आला, "मॅडम, आपणच मिटवू, वकिलाला कशाला मध्ये," तर खुर्ची द्या, पाणी द्या आणि त्याच्या वकिलाला फोन लावा. त्याच्याशी परस्पर बोलणं मना आहे, तडजोड कितीही चांगली होत असली तरी.

थोडक्यात उरलेलं

जाहिरात करता येत नाही. वेबसाईटवर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचा प्रकार एवढंच चालतं. "१०० टक्के जामीन" अशा रील्स बनवणारे सहकारी दिसतील. त्यांच्या मागे धावू नका. १९७० च्या दशकात बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते मुंबईत दंडाधिकारी न्यायालयाच्या दाराशी उभं राहून अशील ओढणाऱ्या, कागद हिसकावणाऱ्या वकिलांचं होतं. आता दार मोबाईलमध्ये आलं एवढाच फरक.

संपाच्या दिवशी काय करायचं हे मी सांगू शकत नाही. कायदा स्पष्ट आहे: हरीश उप्पल प्रकरणात २००२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना संपाचा अधिकार नाही म्हटलं. वकील संघाच्या निवडणुका आणि त्या दिवशी तुमच्याकडे वळणाऱ्या नजरा हेही तितकंच खरं. मी जामिनाच्या कामाला जाते, बाकी कामांत अशिलाला विचारते.

पायरी शेवटची: तक्रार आली तर

आज ना उद्या एक पाकीट येईल. हरलेला अशील किंवा जिंकलेल्याचा भाऊ बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करेल. ग्राहक मंचात तुम्हाला ओढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला ठरवलं, पण बार कौन्सिलचा मार्ग खुला आहे. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे तिची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. समितीने एका वर्षात निकाल द्यायचा असतो, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. अपील आधी तिथे आणि मग सर्वोच्च न्यायालयात, प्रत्येक वेळी साठ दिवसांत.

तक्रारदाराला फोन करून "मागे घे" म्हणू नका. पाकीट हातात आलं की तारीख टाका, मुदत पाहा, आणि तुमचं उत्तर दुसऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. स्वतःच्या प्रकरणात आपल्यालाच राग आवरत नाही. उत्तराला जोडायचं ते हे: पहिल्या भेटीचा फीचा कागद, पावत्यांच्या नकला, वहीतलं ते पान ज्यावर "नातं सांगितलं" लिहिलंय, पुरसीसीवरची अशिलाची सही, आणि मुदत चुकल्याचं कळवलेल्या फोननंतर पाठवलेला मेसेज. मला दोनदा असं पाकीट आलं. दुसऱ्यांदा उत्तर अडीच पानांचं होतं आणि जोडपत्रं सतरा.